प्रसूती विभाग, खर्चकपात : जानेवारी ते एप्रिलच्या नोंदी

८ जानेवारी

वरून पत्र आलं. चालू खर्चात काटकसर सुचवा, पुढच्या तिमाहीत अहवाल द्या. विभागातर्फे काम माझ्याकडे. इंडेंटवर (स्टोअरकडे पाठवायच्या मागणीपत्रावर) सही माझीच असते, त्यामुळे टाळायला जागा नाही.

कामाला लागण्याआधी कशाला हात लावायचा नाही ते लिहून ठेवलं. ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं), मॅग्नेशियम सल्फेट (झटक्यांवरचं), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं), रक्त, बाळाच्या लसी, प्रसूतीच्या वेळचे निर्जंतुक हातमोजे. यातलं काही कमी करून वाचवायचं असेल तर दुसरा माणूस शोधावा.

त्याखाली आणखी एक ओळ. वस्तू स्टोअरमध्ये नाही म्हणून नातेवाइकांच्या हातात बाहेरची चिठ्ठी दिली, तर तो खर्च वाचलेला नाही, फक्त दुसऱ्याच्या खिशात सरकलेला आहे. अशा चिठ्ठ्या आमच्या कुठल्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून आजपासून प्रत्येक चिठ्ठीची नोंद वेगळ्या वहीत. इंडेंट घटलं आणि चिठ्ठ्या वाढल्या, तर तो उपाय रद्द.

११ जानेवारी

स्टोअरच्या काकांबरोबर अर्धा दिवस. औषधांची एबीसी (खर्चानुसार, 'ए' सगळ्यांत खर्चिक) आणि व्हीईडी (किती अत्यावश्यक त्यानुसार) अशी दोन्ही वर्गवारी त्यांनी आधीच करून ठेवली होती, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. थोड्याशाच वस्तूंवर बहुतेक पैसा जातो, हे सगळीकडचं चित्र. आमच्या 'ए' गटात वरच्या रांगेत काय बसलं होतं? शिरेतून द्यायची प्रतिजैविकं, हातमोजे, सलाईन आणि टाक्यांचे धागे. महागडी यंत्रं नव्हेत, रोज न बघता हातात घेतो त्या गोष्टी.

मग वॉर्डातली कपाटं उघडली. प्रत्येक कपाटात एक चोरकप्पा. मुदत संपत आलेल्या इंजेक्शनांच्या पेट्या खाली, नवा माल वर. सिस्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. इंडेंट वेळेवर पुरं होत नाही, मागितलेल्याच्या निम्मं येतं, म्हणून जो तो दुप्पट मागतो आणि दडवून ठेवतो. दडवलेलं संपत नाही, मुदतबाह्य होतं. म्हणजे मुदत वॉर्डात संपते, पण दुखणं स्टोअरच्या बेभरवशाचं.

ठरलं ते असं : नेहमीच्या वस्तूंसाठी प्रत्येकी दोन डबे. पुढचा संपला की मागचा पुढे घ्यायचा आणि रिकामा डबाच इंडेंट म्हणून खाली पाठवायचा. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. काकांनी बदल्यात शब्द दिला, की आलेला डबा दुसऱ्या दिवशी भरून वर जाईल. त्यांनी तो पाळला तर चोरकप्पे आपोआप रिकामे होतील. नाही पाळला तर आठवड्यात पुन्हा भरतील, आणि ते योग्यच असेल.

१३ जानेवारी

लघवी तपासायच्या पट्ट्या. डबीचं झाकण उघडं राहिलं की हवेतल्या ओलाव्याने पट्ट्या बाद होतात, आणि त्या बाद झाल्यात हे डोळ्यांना कळतंच असं नाही. प्रथिनं चुकीची दिसली तर प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला धोकादायक रक्तदाबाचा विकार) निसटेल किंवा नसलेला दिसेल. झाकणाच्या आतला ओलावा शोषणारा भाग काढून टाकायची कुणाला तरी सवय होती. ती बंद. डबी उघडल्याची तारीख डबीवरच पेनाने लिहायची. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांनाही तेच.

१९ जानेवारी

ऑक्सिजन. हा दिवस वसूल झाला.

बायोमेडिकलचा (यंत्रदुरुस्ती विभागाचा) मुलगा साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन आला. दुपारच्या गोंधळात काही ऐकू येत नाही, म्हणून रात्री उशिरा फिरलो. तिसऱ्या खाटेजवळच्या भिंतीवरच्या आउटलेटला फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी नळी) नीट बसलेला नव्हता. पाणी लावताच बुडबुड्यांची माळ. नवजात कक्षातल्या सिलिंडरच्या रेग्युलेटरचा वॉशर झिजलेला. आणि एका रिकाम्या खाटेवर मास्क लटकतोय, त्याच्या फ्लोमीटरमधला गोळा मिनिटाला ५ लिटरवर तरंगतोय. बाई दुपारीच दुसऱ्या वॉर्डात गेली होती.

हिशेब भिंतीवर लिहून लावला. मिनिटाला १ लिटर गळती म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतो. म्हणजे इतकीशी फुसफूस पाच दिवसांत अख्खा सिलिंडर पिऊन टाकते. विसरलेला ५ लिटरचा मास्क तासाला ३०० लिटर. हा आकडा पाहिल्यावर वॉर्डबॉय मामांनी स्वतःहून सांगितलं, की रात्रीची फेरी ते घेतील. सिलिंडर चढवण्या-उतरवण्याचे कष्ट त्यांचेच असतात, त्यांना हे सांगावं लागलं नाही.

एक ताकीद लाल अक्षरांत : ऑक्सिजनच्या जोडावर तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावायचा नाही. आग लागू शकते. जोड घट्ट बसत नाही म्हणून कुणीतरी व्हॅसलीन लावलं होतं, ते पुसून काढलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मुद्दा वेगळा. त्यांची ऑक्सिजनची पातळी ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची असते. त्याहून जास्त दिला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका. '१०० दिसतंय, छान आहे' असं मॉनिटरकडे बघून समाधान मानायची पद्धत सोडावी लागेल. इथे काटकसर आणि बाळाचं भलं एकाच दिशेला आहे, असं फार थोड्या ठिकाणी सापडतं. पण त्यासाठी ऑक्सिमीटर धड हवेत. प्रोबच्या वायरी मुळाशी तुटतात, कारण त्या यंत्राभोवती आवळून गुंडाळल्या जातात. सैल वेटोळं करून खुंटीला अडकवायचं. खुंट्या सुतारशाखेकडून मागवल्या.

२६ जानेवारी

हातमोजे. रक्तदाब घेताना, थर्मामीटर लावताना, चादर बदलताना, फाईल लिहिताना सुद्धा मोजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना स्पष्ट आहेत : रक्त किंवा शरीरस्राव लागण्याची शक्यता नसेल तर रक्तदाब, नाडी, ताप पाहायला मोजे लागत नाहीत. स्नायूतलं साधं इंजेक्शन द्यायलाही नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने २०१८ पासून हीच मोहीम चालवली आणि पहिल्या वर्षात २१ टनांच्या आसपास प्लास्टिक कमी वापरलं गेलं.

माझी चिंता पैशाची कमी आणि हातांची जास्त आहे. मोजे घातले की माणूस हात धुणं विसरतो. एकाच मोज्यांनी तीन खाटा फिरताना मी रोज बघते. मोजे त्या सिस्टरचं रक्षण करतात, तिसऱ्या खाटेवरच्या बाळंतिणीचं नाही.

पण नुसतं 'मोजे कमी वापरा' म्हटलं तर नको तिथेही कमी होतील. म्हणून फलक उलटा केला : मोजे कुठे लागतातच ते ठळक, आणि कुठे नको ते खाली बारीक. आतली तपासणी, प्रसूती, नाळ, वार, टाके, रक्त काढणं, न आंघोळलेलं बाळ हाताळणं : यात तडजोड नाही.

आज सगळ्यांत चांगला प्रश्न मावशींनी विचारला. 'सिस्टर, मोजे काढले तर हात धुवायला नळाला पाणी तरी येऊ दे.' बेसिनचा नळ कित्येक दिवस बंद आहे. आधी नळ, मग फलक.

३० जानेवारी

नळ दुरुस्त. फलक लागला.

हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं जंतुनाशक) इथेच तयार करायचा प्रस्ताव औषधनिर्मात्यांनी दिला. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र खुलं आहे : १० लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्क्यांचं ग्लिसरॉल १४५ मिली, उरलेलं उकळून गार केलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी. मग ७२ तास झाकून ठेवायचं, म्हणजे बाटलीत किंवा अल्कोहोलमध्ये बीजाणू असतील तर ते मरतात. ग्लिसरॉल हाताची त्वचा फाटू नये म्हणून. ते वगळून स्वस्त करायची सूचना आली होती. नाही. हात जळजळले की कुणी वापरणार नाही, आणि न वापरलेला हँडरब सगळ्यांत महाग.

अल्कोहोल साठवायची जागा आणि आगीची काळजी यांचं उत्तर मिळेपर्यंत प्रस्ताव थांबवला आहे.

५ फेब्रुवारी

सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा यांचा आलेख काढणाऱ्या यंत्राचा, कागद. कुणीतरी सुचवलं, की कागदाचा वेग मिनिटाला ३ सेंटिमीटरऐवजी १ करा, दोन तृतीयांश कागद वाचेल. गणित बरोबर आहे : तासाला १८० सेंटिमीटरऐवजी ६०. पण वेग बदलला की आलेखाचा चेहराच बदलतो. ३ च्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना १ च्या वेगावरची साधी रेघ भलतीच खडबडीत दिसते. विभागातल्या सगळ्यांचं प्रशिक्षण न करता वेग बदलणं म्हणजे रात्री दोन वाजता निष्कारण सिझेरियनला निमंत्रण. एका सिझेरियनच्या खर्चात कागदाची किती रिळं येतील ते मोजायचीही गरज नाही.

खरा प्रश्न कागदाचा नाहीच. गुंतागुंत नसलेल्या, आपोआप कळा सुरू झालेल्या बाईला दाखल करतानाच सरसकट सीटीजी लावू नये, अखंड तर नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशी सांगतात. डॉप्लरने (ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) किंवा पिनार्डच्या नळीने (पोटाला लावून कानाने ऐकायची नळी) ठरावीक वेळाने ठोके ऐकायचे : पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी, दुसऱ्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, प्रत्येक वेळी निदान एक मिनिट.

हे लिहिणं सोपं आहे. दोन सिस्टर आणि भरलेला लेबर रूम असताना दर ५ मिनिटांनी कोण ऐकणार? यंत्र लावून ठेवतात ते आळसाने नाही, माणसं कमी आहेत म्हणून. कागद वाचवून सिस्टरच्या खेपा वाढवल्या तर ती बचत मी मांडणार नाही. सध्या : दाखल करतानाचा सरसकट सीटीजी बंद, जोखमीच्या बायांना पूर्वीसारखाच. मनुष्यबळाची मागणी वेगळ्या पत्राने.

१२ फेब्रुवारी

सिझेरियननंतरची प्रतिजैविकं. 'ए' गटातली सगळ्यांत वरची ओळ.

आमची रीत अशी, की टाके घातलेल्या प्रत्येक बाईला तीन-चार दिवस शिरेतून दोन औषधं, मग घरी जाताना गोळ्या. कधी सुरू झाली कुणाला आठवत नाही. शिफारस मात्र अशी, की चीर देण्याआधी ३० ते ६० मिनिटांत एकच डोस, बहुधा सेफाझोलिनचा. संसर्गाचं लक्षण नसेल तर पुढे काही नाही. साध्या नैसर्गिक प्रसूतीनंतर तर सरसकट प्रतिजैविक नकोच, एपिझिओटॉमी (प्रसूतीच्या वेळी योनीमुखाला दिलेला छेद) झाली असली तरी.

बैठकीत मोठे सर म्हणाले, 'पुस्तकातले वॉर्ड वेगळे, आपले वेगळे. इथे एका खाटेवर दोघी असतात.' त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, टाका पिकला तर बोलणी त्यांना खावी लागतात. पण भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, की वॉर्ड इतका अस्वच्छ आहे असं धरलं, तर तीन दिवस शिरेत सुई ठेवून आपण जंतूंना आणखी एक दार उघडं करतोय की नाही? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मधला मार्ग निघाला. आधीच ठरवून केलेल्या, ताप नसलेल्या, पाणमोट वेळेआधी न फुटलेल्या सिझेरियनसाठी एकच डोस. बाकीच्यांचं पूर्वीसारखं. प्रत्येक टाका घरी जाताना आणि नंतर तपासणीला आल्यावर पाहायचा आणि वहीत लिहायचा. आकडे वाईट निघाले तर सर थांबवतील, हे मला मान्य आहे.

डोस वेळेवर जावा म्हणून तो वॉर्डातून काढून थिएटरच्या टेबलावर आणला, भूल देणाऱ्यांच्या हाती. वॉर्डातून 'दिलंय' असं लिहून यायचं आणि चीर पडायची दोन तासांनी.

याच बैठकीत एक सोपी गोष्ट विरोधाशिवाय पास झाली. मेट्रोनिडॅझोल तोंडावाटे दिलं तरी जवळपास पूर्ण शोषलं जातं. बाई खाऊपिऊ लागली असेल तर बाटली लटकवत ठेवायचं कारण नाही. बाटली, सेट, कॅन्युला आणि सिस्टरची अर्धी फेरी वाचते. बाईचे दोन्ही हात बाळाला घ्यायला मोकळे होतात, हे तर कुठल्याच रकान्यात मावत नाही. वेदनेसाठीच्या पॅरासिटामॉललाही तोच नियम.

१६ फेब्रुवारी

प्रसूतीच्या संचातली न वापरली जाणारी दोन हत्यारं काढली. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) आता जास्त संच मावतात. अर्धवट भरून चालवणं बंद, पण ठासूनही भरायचं नाही, वाफ फिरायला जागा लागते.

२२ फेब्रुवारी

रक्तपेढीची तक्रार होती, की प्रसूती विभाग रक्त अडवून ठेवतो. नोंदी बघितल्या तर तक्रार खरी. प्रत्येक सिझेरियनसाठी दोन पिशव्या क्रॉसमॅच करून (तिच्या रक्ताशी जुळवून) राखून ठेवतो, चढवतो फार कमी वेळा. क्रॉसमॅच केलेल्या पिशव्यांना चढवलेल्या पिशव्यांनी भागलं तर उत्तर २ किंवा त्याखाली असावं. आपलं त्याहून बरंच वर आहे.

जोखीम नसलेल्या बाईचा रक्तगट आणि अँटिबॉडी तपासणी करून नमुना राखून ठेवायचा, गरज पडली की लगेच जुळवायचं. वार खाली (गर्भाशयाच्या तोंडाजवळ) असलेली, आधी सिझेरियन झालेली, हिमोग्लोबिन कमी असलेली, जुळी : यांच्या पिशव्या आधीपासून तयार. 'लगेच' म्हणजे किती मिनिटं, हे रक्तपेढीने लेखी द्यावं असा आग्रह धरला. रात्रीच्या पाळीची वेळ वेगळी लिहून द्या म्हटलं. ते दोन्ही आलं, म्हणून सही केली.

१ मार्च

दोन सूचना फेटाळल्या.

पहिली, नैसर्गिक प्रसूतीनंतर त्याच दिवशी घरी पाठवून खाटा मोकळ्या करा. निदान २४ तास तरी ठेवावं ही शिफारस आहे, आणि पहिल्या दिवसातच रक्तस्राव, झटके, बाळाचं दूध न ओढणं हे सगळं दिसतं.

दुसरी, ऑक्सिटोसिन आणखी स्वस्त मिळतंय, पुरवठादार बदला. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. वाटेत तापलं की त्याचा जोर कमी होतो, आणि अँप्यूल तशीच स्वच्छ, पारदर्शक दिसत राहते. मग रक्तस्राव थांबत नाही म्हणून दुसरा डोस, तिसरा डोस, रक्ताच्या पिशव्या, थिएटर. शीतसाखळीचा कागद दाखवल्याशिवाय स्वस्त-महाग बोलूच नये.

इथे आपल्याही घरात बघायला हवं होतं. लेबर रूमच्या ट्रेमध्ये दिवसभर अँप्यूल मांडून ठेवलेल्या असतात, दिव्याखाली. आता पाळीपुरत्या शीतपेटीत, उरलेल्या परत फ्रिजमध्ये. फ्रिजमधून डबे आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर. याला सगळ्यांत जास्त विरोध झाला!

७ मार्च

बीसीजी, बाळाची क्षयावरची लस. कुपी विरघळवली की ४ तासांत वापरायची, उरली तर टाकायची. एका कुपीत अनेक बाळांचे डोस. त्यामुळे 'आठवड्यातून ठरावीक दिवशीच उघडा' अशी सूचना येणारच होती. आली. पण बाळंतीण त्या दिवसाची वाट बघत बसत नाही, ती घरी जाते आणि बाळ लसीशिवाय जातं. पुन्हा यायचं तर रोजगार बुडवून. वाया गेलेली लस दिसते, हुकलेलं बाळ दिसत नाही. रोज एक ठरलेली वेळ, त्या वेळी वॉर्डातली सगळी बाळं एकत्र. एकच बाळ असलं तरी कुपी उघडायची. हेपॅटायटिस-बीच्या पहिल्या डोसला ही वेळ लावायची नाही, तो २४ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर.

१५ मार्च

धागे. सरसकट एपिझिओटॉमी थांबवली तर धागा, भूल, गॉज सगळंच कमी लागतं, आणि तशी ती करू नये हे जुनंच सांगणं आहे. जिथे टाके लागतातच तिथे सुटे सुटे न घालता सलग घातले तर बहुतेकदा एका पाकिटात भागतं. इंग्लंडमधल्या दीड हजारांवर बायांच्या एका चाचणीत (२००२) सलग टाक्यांनी दहाव्या दिवशीचं दुखणंही कमी निघालं. नव्या डॉक्टरांना स्पंजवर सराव द्यायला वरिष्ठ निवासी डॉक्टर तयार आहेत. धागा मुदत संपलेल्या पाकिटांतला.

२१ मार्च

कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी ठेवणं अहवालात 'विनाखर्च उपाय' म्हणून घालावं असं ऑफिसचं म्हणणं. १९७८ मध्ये बोगोटात इन्क्युबेटर अपुरे पडले तेव्हा हे सुरू झालं, आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं ठेवल्यास मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात हे २०२१ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. उत्तमच. पण विनाखर्च कसं? आईला दिवसाचे कित्येक तास टेकून बसायला खुर्ची हवी, बाळाच्या वॉर्डातच खाट हवी, जेवण हवं, थोडा वेळ बाळ धरायला दुसरं माणूस हवं. हे दिलं नाही तर खर्च आईच्या पाठीवर जातो. 'विनाखर्च' खोडून 'खुर्च्यांची मागणी सोबत जोडली आहे' असं लिहिलं.

२ एप्रिल

अहवालाची बैठक. हिशेब विभागाने पहिला प्रश्न विचारला, वाचलेली रक्कम किती? ऑक्सिजन, मोजे आणि शिरेतली औषधं यांची इंडेंटं घटलेली दिसतात, ती मांडली. त्याच्या शेजारी चिठ्ठ्यांची वही ठेवली. चिठ्ठ्या वाढल्या नाहीत, उलट दोन डब्यांच्या पद्धतीनंतर थोड्या उतरल्या. टाक्यांच्या वहीबद्दल मोठे सर स्वतः बोलले : आतापर्यंत काळजीचं काही नाही, पण निष्कर्ष काढायला हे फार लवकर आहे. मीही तेच लिहिलं होतं.

मग आमची मागणी. वाचलेल्यातून रक्त मोजायची खुणांची पिशवी, प्रत्येक नैसर्गिक प्रसूतीसाठी. आत्ता रक्तस्राव नजरेने अंदाजतो आणि नजर नेहमी कमीच सांगते. २०२३ मध्ये आलेल्या ई-मोटिव्ह चाचणीत चार आफ्रिकी देशांतल्या रुग्णालयांनी ही पिशवी लावून रक्त मोजलं आणि मर्यादा ओलांडताच मालिश, गर्भाशय आवळणारी औषधं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा त्यातून मृत्यू, हे एकत्र धरून ६० टक्क्यांनी कमी झालं.

'काटकसरीच्या अहवालात नवी खरेदी कशी?' असा आक्षेप आला. वाचलेला पैसा सगळा सामायिक खात्यात गेला, तर पुढच्या वर्षी मामा रात्री साबणाचं पाणी घेऊन फिरणार नाहीत, असं मी म्हटलं. काकांनी मान डोलावली.

६ एप्रिल

पिशव्या मंजूर, पण आधी फक्त रात्रपाळीपुरत्या. घेतल्या. मर्यादा ओलांडल्यावर लागणारी औषधं एकाच डब्यात हवीत, नाहीतर नुसती पिशवी मोजून काय उपयोग. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फ्रिजबाहेर चालतं, ऑक्सिटोसिन नाही, म्हणून डब्यावर 'शीतपेटीतून आणा' अशी चिठ्ठी. उद्या रात्रपाळीच्या सिस्टरांना दाखवायचं. हँडरबच्या जागेबद्दल अग्निशमनाचं उत्तर अजून यायचंय, आठवणपत्र पाठवलं. तिसऱ्या खाटेचं आउटलेट पुन्हा सैल वाटतंय, बायोमेडिकलला कळवलं.